प्रीतीच्या सॅकमधली साबणाची डबी

मी साबणाची डबी बोलतेय. प्रवासाला निघताना बॅगेत टाकतात ना, तसली. आकाशी रंगाची, तळहातावर मावणारी. झाकण दाबलं की टक् असा आवाज होतो आणि आतला साबण आणि मी अंधारात राहतो. माझ्या आयुष्यातला बराच काळ असा अंधारातच गेला, त्यामुळे मला बोलायची सवय नाही. सांभाळून घ्या.

माझा जन्म उल्हासनगरच्या कॅम्प चारमधला. एका अरुंद गल्लीत पत्र्याचा गाळा होता आणि आत एकच मशीन. प्लास्टिकचे दाणे वितळायचे, साच्यात उतरायचे, आणि एकेका दाबाला आम्ही चार बहिणी बाहेर पडायचो. एक बाई दिवसभर पाटावर बसून ब्लेडने आमच्या कडा तासायची. तिने माझी कड तासली, वरून बोट फिरवून पाहिलं आणि मला टोपलीत टाकलं. माणसाचा मला झालेला तो पहिला स्पर्श.

जेवणाची वेळ झाली की ती बाई हात फडक्याला पुसायची आणि डबा उघडायची. गाळ्यात नळ नव्हता. हजारो साबणाच्या डब्या तिच्या हातांखालून गेल्या, पण तिच्या हाताला साबण मिळत नव्हता. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. साबण म्हणजे काय, हेच मला ठाऊक नव्हतं.

तिथून मी कॅम्प एकमधल्या एका दुकानात गेले. दाराशी दोरीला लटकून मी किती महिने काढले, मोजले नाहीत. शेजारच्या कंगव्यांना, फण्यांना, दात घासायच्या ब्रशना गिऱ्हाइकं मिळत गेली. प्रवासाची डबी प्रवासाला निघालेल्या माणसालाच लागते, आणि त्या दुकानात येणारी माणसं फार लांब जाणारी नव्हती.

मग एके दिवशी भगवान खरात आले.

अंगाने बारीक, अडुसष्ट वर्षांचे, पांढरा हाफ शर्ट, खिशात पेन. त्यांनी मला दोरीवरून काढलं आणि झाकण चार-पाच वेळा उघडबंद करून पाहिलं.

“काका, घेऊन टाका. झाकन एकदम टाइट है. बॅगेत साबुन नाही लागणार,” दुकानदार म्हणाला.

“विमानात चालेल ना?”

“विमानात काय, चांद पे चालेल.”

भगवान हसले नाहीत. त्यांनी माझा वास घेतला, मला रुमालात गुंडाळलं आणि घरी नेलं.

घर विठ्ठलवाडीला, बस डेपोच्या मागे, जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या आणि मध्ये एक बोळ. बोळात बेसिन, बेसिनवर आरसा. भिंतीवर बाबासाहेबांची आणि बुद्धांची तसबीर, आणि त्यांच्याखाली सुंदराबाईंचा फोटो. सुंदराबाई म्हणजे भगवान यांची बायको. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती. घरात आता दोनच माणसं, भगवान आणि त्यांची एकुलती मुलगी प्रीती.

प्रीती तिशीची. अंबरनाथला पॅकिंग मशीन बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनीअर. मशीन विकलं की ते गिऱ्हाइकाच्या कारखान्यात जाऊन बसवायचं, चालू करून द्यायचं, हे तिचं काम. आतापर्यंत ती गुजरातपर्यंत जाऊन आली होती. या वेळी तिला व्हिएतनामला पाठवत होते, शेवयांच्या कारखान्यात, तीन आठवड्यांसाठी. खरातांच्या घरातलं कुणी परदेशात जायची ही पहिलीच वेळ.

भगवाननी कोरी साबणाची वडी उघडली, माझ्यात ठेवली आणि मला प्रीतीसमोर धरलं.

“पप्पा, हॉटेलात साबण असतो.”

“असतो, बिस्किटाएवढा. दोन दिवसांत संपतो. आपला असला की मागायला नको.”

“बरं.”

“नुसतं बरं नको. खायच्या आधी हात धू. आम्ही रंगाच्या कारखान्यात होतो, तीस वर्षं. कोपरापर्यंत हात लाल. तीनदा धुतल्याशिवाय डबा उघडला नाही कधी.”

“तुमच्या हाताला रंग दिसायचा, पप्पा. आमचं काम कॉम्प्युटरवर.”

प्रीतीने मला तिच्या सॅकच्या बाजूच्या कप्प्यात सरकवलं. ती सॅक तिच्या खांद्यावर कायम असायची, त्यामुळे ती जिथे गेली तिथे मीही गेले. विमानात बसले, कारखान्यात गेले, परक्या शहराच्या रस्त्यावरून हिंडले. कप्प्याची चेन अर्धी उघडी असायची, म्हणून मला ऐकू सगळं यायचं.

कारखान्यातल्या संडासाबाहेर नळ होता. प्रीती सॅक खुंटीला लावून आत जायची, बाहेर यायची, नळ सोडायची. दोन श्वास घेऊन होत नाहीत तोच नळ बंद. मग जीन्सला हात पुसल्याचा आवाज. मी हातभर अंतरावर खुंटीला लटकलेली असायची, आणि माझ्यातली वडी कोरडी ठणठणीत. मला वाटायचं, आता उघडेल, आता उघडेल. माणसं पाण्याने बोटं ओली करतात आणि त्याला हात धुणं म्हणतात. एकटी प्रीतीच नाही, मी बहुतेकांना तसंच करताना ऐकलंय.

दुपारी ती रस्त्याकडेच्या बुटक्या स्टुलावर बसून जेवायची. पावात भाजी, मांस आणि वरून मूठभर कच्चा पाला. तिला ते फार आवडायचं. पण शेजारी बोलायला कुणी नसायचं. भाषा येत नव्हती. मग ती फोन लावायची.

“जेवलीस का?” पलीकडून भगवान विचारायचे.

“जेवले. तुम्ही?”

“मीपण जेवलो.”

फोन थोडा वेळ नुसताच चालू राहायचा. दोन देशांत दोन माणसं एकेकटी जेवत होती आणि एकमेकांना ते सांगत होती, एवढंच.

सहाव्या दिवशी प्रीतीचं पोट बिघडलं. सकाळपासून चार वेळा जाऊन आली. तिच्याबरोबर प्रीतम नावाचा सीनियर होता, उल्हासनगरचाच. पंधरा देश फिरलेला, मनाने चांगला, पण घाईचा.

“अरे, उद्या ट्रायल आहे आणि तू आज झोपणार?” त्याने खिशातून गोळ्यांची पट्टी काढली. “ही घे. अँटिबायोटिक आहे. सुबह-शाम. एकदम बंद हो जाएगा. मी तर प्रत्येक टूरला खातो.”

“डॉक्टरला विचारू का?”

“इथे कुठे डॉक्टर शोधतेस? खा गं.”

प्रीतीने पाच गोळ्या खाल्ल्या. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं, तशा सोडून दिल्या. उरलेली पट्टी तिने माझ्याच कप्प्यात टाकली. परतीच्या प्रवासात आम्ही दोघी शेजारीशेजारी होतो. तिच्यातल्या पाच जागा रिकाम्या होत्या आणि माझ्यातली वडी जशीच्या तशी.

घरी पोचल्यावर प्रीतीने दार उघडलं आणि तिथेच थबकली. भगवान खुर्चीत बसले होते. लेंग्याच्या पायातून एक नळी बाहेर आली होती आणि पोटरीला लघवीची पिशवी बांधली होती.

“पप्पा, हे काय?”

“काही नाही. लघवी तुंबली होती. प्रोस्टेटची गाठ म्हणाले. महिनाभर नळी ठेवायची.”

“कधी झालं?”

“आठ दिवस झाले. शेजारच्या धर्मेशने नेलं रिक्षाने.”

“आणि मला रोज जेवलो म्हणून सांगत होता?”

“जेवत होतोच की.”

प्रीती बोळात गेली. तिने मला सॅकमधून काढून बेसिनच्या कडेला ठेवलं, नळ सोडला आणि खूप वेळ आरशात बघत राहिली. रडताना तिचा आवाज होत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

तेव्हापासून पिशवी रिकामी करायचं काम तिने घेतलं. सकाळी ऑफिसला निघायच्या आधी आणि संध्याकाळी आल्यावर. पिशवीची तोटी उघडायची, भांड्यात ओतायचं, तोटी बंद करायची, नळी सरळ आहे ना पाहायचं. तिने कधी नाक मुरडलं नाही. वडिलांचे पाय चेपले, पीठ मळलं, त्यांना गरम भाकरी वाढली. तिच्या मायेत काही उणं नव्हतं. पण सकाळी घाई असायची. संडासातून बाहेर यायचं, दोन श्वासांचं पाणी, तसेच हात पुसून पप्पांची पिशवी. मी वीतभर अंतरावर झाकण लावून बसलेली. मला हात असते तर मी माझं झाकण स्वतः उघडलं असतं.

ती परतल्याच्या बाराव्या दिवशी दुपारी भगवानना हुडहुडी भरली. अंगावर दोन रजया टाकल्या तरी दात वाजत होते. जवळच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी तीन दिवसांत ताप हटला नाही. मग प्रीतीने त्यांना अंबरनाथच्या एका रुग्णालयात नेलं. जाताना तिने जे हाताला लागलं ते पिशवीत भरलं. टॉवेल, पेला, चमचा आणि मी.

तिथल्या डॉक्टर सोनिया. उल्हासनगरच्या सिंधी, चाळिशीच्या, बोलायला सरळ. लघवीचा रिपोर्ट आला तेव्हा त्या खाटेशी येऊन उभ्या राहिल्या.

“प्रीती, ये जो जंतू है ना, हा साध्या गोळ्यांना दाद देत नाही. इंजेक्शन द्यावं लागेल, दहा दिवस, शिरेतून. ते लागू पडेल असं रिपोर्ट म्हणतो.”

“असा जंतू आला कुठून?”

“हा पोटात राहतो, आतड्यात. त्रास देत नाही, माणसाला कळतही नाही. लघवीच्या वाटेत गेला की मग त्रास. हाताने जातो, नळीला लागतो.” मग त्यांनी विचारलं, “घरात कुणी बाहेरगावी जाऊन आलंय? कुणी अँटिबायोटिक घेतलं?”

प्रीतीने सगळं सांगितलं. व्हिएतनाम, कच्चा पाला, प्रीतमच्या पाच गोळ्या.

डॉक्टर खाटेच्या कडेला बसल्या. “बघ, प्रवासात असे जंतू पोटात येतात, बऱ्याच लोकांना. वर गोळ्या खाल्ल्या की पोटातले साधे जंतू मरतात आणि या चिवटांना मोकळी जागा मिळते. तुझे जुलाब दोन दिवसांत आपोआप थांबले असते. मीठ-साखर-पाणी पुरलं असतं.”

“म्हणजे मीच आणलं.”

“असं मी म्हटलं नाही. हे जंतू अपने यहाँ भी बहुत हैं. बाबांच्या पोटात आधीपासून असेल, नळी घालताना आला असेल, तुझ्याकडून आला असेल. कळणार नाही. सच में नहीं पता चलेगा.”

प्रीतीने मान हलवली. पण तिने त्यातलं एकच ऐकलं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

त्या वॉर्डात बारा खाटा होत्या आणि एक बेसिन. बेसिनवर साबण नव्हता. भगवानना जरा बरं वाटल्यावर ते पाहत बसायचे. कुणी वडिलांचं डायपर बदलून यायची, कुणी नवऱ्याचं भांडं रिकामं करून यायची, नळाखाली बोटं धरायची आणि लगेच केळं सोलायची. भगवान मला उचलून पुढे करायचे.

“ताई, साबण घ्या. घ्या हो, नवीन आहे.”

काही जणी लाजायच्या, काही रागवायच्या. पण चार दिवसांत माझ्याकडे यायची वाटच पडली. बदलापूरच्या पुढच्या एका वाडीवरून आलेली नवसी नावाची एक म्हातारी होती, नातवाला घेऊन. ती मला दोन्ही हातांनी उचलायची आणि परत ठेवताना पदराने पुसून ठेवायची. माझ्या आयुष्यातले गजबजलेले दिवस तेवढेच. दहा दिवसांत माझ्यातली वडी निम्मी झाली. मला इतकं हलकं आणि इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

भगवान बरे झाले. औषधांनी गाठ आटली, नळी निघाली, आणि ते घरी आले.

प्रीतीने मात्र स्वतःची तपासणी करून घेतली. डॉक्टर सोनियांनी गरज नाही म्हणून सांगितलं होतं, तरी. रिपोर्ट आला. तिच्या पोटात तसलाच जंतू होता. ज्या औषधांना वडिलांचा जंतू दाद देत नव्हता, त्यांनाच हाही दाद देत नव्हता.

“याने काही सिद्ध होत नाही,” डॉक्टर फोनवर म्हणाल्या. “काही महिन्यांत बहुतेक निघून जातो तो. औषध नाही. संडासनंतर, जेवण करायच्या आधी साबणाने नीट हात धू. बस.”

पण प्रीतीला तेवढ्यावर राहवेना. तिने स्वतःचं ताट, वाटी, पेला वेगळा केला. पाण्याची बाटली वेगळी. स्वयंपाक करणं सोडलं आणि वडिलांसाठी डबा लावला. डबा आला की हातमोजे घालून तो ओट्यावर ठेवायची आणि आतल्या खोलीत जायची. भगवान स्वयंपाकघरात जेवायचे, ती आतल्या खोलीत. मध्ये बोळ, आणि बोळात मी. दोन्हीकडचे भांड्यांचे आवाज मला ऐकू यायचे. एकमेकांशी बोलणं नाही. व्हिएतनामहून निदान फोन तरी यायचा.

असे अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी रविवार होता. डबा आला, प्रीतीने हातमोज्यांनी तो ओट्यावर ठेवला आणि वळली.

“थांब,” भगवान म्हणाले. ते बोळात येऊन उभे राहिले. “ते हातमोजे काढ.”

“पप्पा, नको.”

“काढ म्हणतो ना.”

तिने काढले. भगवान बेसिनला टेकून उभे होते. त्यांना अजून अशक्तपणा होता.

“तुला कधी सांगितलं नाही. मी सात-आठ वर्षांचा होतो. गावात चहाचं हॉटेल होतं. आपल्या लोकांच्या कपबशा बाहेर, भिंतीवर खिळ्याला टांगलेल्या. आपला आपण कप काढायचा, त्याने वरून चहा ओतायचा. पिऊन झालं की आपणच धुऊन परत खिळ्याला. मला वाटायचं, कप नीट धुतला तर आत घेतील. मी राखेनं घासायचो, वाळूनं घासायचो. आरशासारखा करायचो गं. तरी तो कप आत गेला नाही कधी.”

प्रीती खाली बघत होती.

“आणि तू माझ्या घरात कप वेगळा ठेवतेस? स्वतःचा?”

“हे तसं नाही, पप्पा. हे खरं आहे. माझ्या हातात खरंच...”

“माहितीय मला. डॉक्टरीणबाईंनी मलापण सांगितलं. खरं आहे म्हणून तर साबणानं जातं. जे साबणानं जात नव्हतं, ते खोटं होतं.” त्यांनी मला उचललं आणि माझं झाकण उघडलं. “हात धू. नीट धू. आणि मला वाढ.”

प्रीतीने वडी हातात घेतली. भगवान शेजारी उभे राहून सांगत होते, मागून, बोटांच्या बेचक्यात, अंगठा विसरू नको, नखं. किती वेळ चोळायचं असं तिने विचारलं, तेव्हा ते म्हणाले, “बुद्धं सरणं गच्छामिपासून सावकाश त्रिसरण म्हण. ते होईपर्यंत.” मग त्यांनीही हात पुढे केले. माझ्यातल्या एका वडीवरून चार हात फिरले. बेसिन लहान होतं, त्यांची कोपरं एकमेकांना लागत होती.

तिने ओट्यावरच्या डब्यातलं वरण त्यांच्या ताटात वाढलं, आणि दुसऱ्या ताटात स्वतःला. दोघं समोरासमोर बसले.

पुढचे आठ महिने त्या घरात चांगले गेले. डबा बंद झाला. प्रीती पुन्हा भाकरी करू लागली. संडासातून आलं की मी, पीठ मळायच्या आधी मी, बाहेरून आलं की मी. वडी संपली की भगवान स्वतः नवी आणायचे आणि जुन्याचा कपटा नव्या वडीला चिकटवायचे. त्या दिवसांत मी कधी पूर्ण सुकले नाही.

मग थंडीत भगवानना पुन्हा लघवी तुंबली. पुन्हा नळी, चार दिवसांनी पुन्हा हुडहुडी. डॉक्टर सोनियांनी मागचंच इंजेक्शन सुरू केलं. या वेळी ते चाललं नाही. दुसरं दिलं, तेही चाललं नाही. जंतू रक्तात गेला होता.

मी खाटेशेजारच्या कपाटावर होते. प्रीती रोज हात धुऊन त्यांच्यापाशी बसायची आणि चमच्याने पेज भरवायची. नवव्या दिवशी सकाळी त्यांनी तोंड फिरवलं.

“जेवलीस का?” त्यांनी विचारलं.

“जेवले, पप्पा,” ती म्हणाली. ती जेवली नव्हती.

दुपारी ते गेले.

“माझ्या हातून काही...” प्रीतीने डॉक्टरांना एवढंच विचारलं.

“या वेळी तू काहीच चुकली नाहीस,” डॉक्टर म्हणाल्या. “मागच्या वेळचं मला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही. औषधं कमी पडतायत, प्रीती. आमच्याकडे पुढचं औषध नव्हतं.”

सातव्या दिवशी पुण्यानुमोदनाच्या विधीला घर भरलं. बोळात हात धुवायला रांग लागली होती. संध्याकाळी सगळे गेले. प्रीतीने ताट घेतलं, एकच. ती हात धुवायला आली, माझं झाकण उघडलं आणि वडीवर बोट ठेवून तशीच उभी राहिली. त्या दिवसानंतर ती स्वयंपाकघरात बसून जेवली नाही. बोळात, बेसिनशेजारी स्टूल टाकून जेवायची. मला बरं वाटायचं आणि वाईटही वाटायचं.

काही महिन्यांनी तिने ऑफिसात साहेबांकडे दहा मिनिटं मागितली. परदेशी जाणारी टीम निघायच्या आधी तिला त्यांच्याशी बोलायचं होतं. साहेबांनी दिली. ती मला घेऊन गेली आणि तिने मला टेबलावर ठेवलं. समोर चार पोरं आणि प्रीतम बसले होते. प्रीतम खाली बघत होता.

चेतन नावाचा एक नवा इंजिनीअर हसला. “मॅडम, सॅनिटायझर आहे ना आमच्याकडे.”

“आहे तर वापर. पण संडासातून आलास की आणि जेवायच्या आधी, पाणी आणि साबण. पोट बिघडलं तर मीठ-साखर-पाणी. ताप आला, रक्त पडलं, तर डॉक्टरकडे. कुणाच्या खिशातली गोळी खायची नाही.”

“इतकं काय होतं मॅडम एका गोळीने?”

प्रीतीने माझ्या झाकणावर हात ठेवला. प्रीतमच म्हणाला, “चेतन, जो बोल रही है वो सुन. मैंने अभी बंद कर दिया है सब.”

मग प्रीतीने मला उचलून चेतनच्या हातात दिलं. “तुझ्याकडे डबी नसेल. ही ने. आल्यावर परत दे.”

ती असं का करते आहे, मला कळलं नाही. कदाचित तिला मला रोज बघवत नसेल. कदाचित मी कामाला यावं असं तिला वाटलं असेल. तिने माझं झाकण अंगठ्याने एकदा पुसलं आणि ती निघून गेली.

चेतन मला टांझानियाला घेऊन आला, दार-ए-सलाम नावाच्या शहरात, काजूच्या कारखान्यात मशीन बसवायला. पोरगा हसरा होता, पण त्याने मला रोज उघडलं. नळ त्याच्या हातावर दोन श्वासांहून जास्त वाहायचा. तो धड राहिला, धड परत गेला. फक्त निघायच्या सकाळी गाडी लवकर आली आणि मी गेस्ट हाउसच्या न्हाणीत खिडकीवर राहिले.

त्याने प्रीतीला सांगितलं असेल. ती काय म्हणाली असेल? रागावली असेल, की राहू दे म्हणाली असेल? ते मला आता कधीच कळणार नाही.

विसरलेल्या वस्तूंच्या कपाटात मी बरेच दिवस पडून होते. तिथे चार्जर होते, एक चष्मा होता, एकच चप्पल होती. मग खोल्या झाडणाऱ्या बाईने मला बाहेर काढलं. तिला सगळे नीमा म्हणतात. तिने माझं झाकण उघडलं, वास घेतला आणि मला मागच्या अंगणात नेलं. तिथे कामगारांसाठी एक नळ आहे. त्या नळावर साबण नव्हता. तिने मला तिथल्या कठड्यावर ठेवलं.

आता मी इथेच असते. नीमा दुपारी संडास धुऊन येते, माझं झाकण उघडते आणि बोटांच्या बेचक्यात, नखांत, अंगठ्याला साबण लावते. तिला हे कुणी शिकवलं, मला ठाऊक नाही. तोंडाने ती काहीतरी गुणगुणते. मला ती भाषा येत नाही. मग ती कठड्यावर बसते आणि भात खाते. एकटीच.

माझ्या एका कोपऱ्याला चीर गेलीय. वडीही नखाएवढी उरलीय. ती संपली की नीमा नवी ठेवेल, की मला फेकून देईल, सांगता येत नाही. मराठी बोललेलं ऐकून आता वर्ष होत आलं. म्हणून तुमच्यासारखं मराठी माणूस इथे दिसलं, तेव्हा एवढं बोलून घेतलं.

तुम्ही कुठे लांब जाणार असाल, तर जा. जग बघा, रस्त्यावरचं खा. फक्त हात नुसते ओले करून सोडू नका, आणि कुणाच्या खिशातली गोळी घेऊ नका. घरी परत आलात की हात धुवा, नीट, सावकाश. आणि मग लांब बसू नका. जवळ जा, त्यांना वाढा, त्यांच्या शेजारी बसून जेवा.

नीमाचा नळ बंद झालाय. ती आता माझं झाकण लावेल. येते मी.